जेवणारा पाहिजे

दान करायला काय लागतं, असं मला कोणी चैत्रात विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मन लागतं. आता विचाराल तर सांगते, आधार कार्ड लागतं, दोन फोटो लागतात आणि घेणारा माणूस लागतो. पहिल्या दोन वस्तू देवपूरच्या कोपऱ्यावर झेरॉक्सवाल्याकडे मिळतात. तिसरीसाठी मी बारा दिवस धुळं पालथं घातलं.

माझं नाव भिकुबाई. माझ्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं पाच घरी पदर पसरून हे नाव आणलं. पण नावावर जाऊ नका. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या दारातून पोतराज रिकामा गेला नाही, वासुदेव गेला नाही, इतकंच काय, विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा पोहे खाऊन जातो. कोणाकडून वाटीभर साखर मात्र मी कधी मागितली नाही. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, आणि माझा हात खाली गेलेला या कॉलनीत कोणी पाहिलेला नाही. अशा बाईवर दारोदार जाऊन ‘आमच्याकडे जेवाल का हो’ म्हणायची पाळी आली.

त्याचं असं झालं. तुमची अक्षय तृतीया, ती आमची आखाजी. आमचे हे गेल्या भाद्रपदात गेले, म्हणजे ही त्यांची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवायची, आणि बाहेरचा एक पुरुष पितर म्हणून पानावर बसवून त्याला पोटभर जेवू घालायचं. तो जेवला की गेलेला जेवला. तो उपाशी उठला तर वरचाही उपाशी. घरचा माणूस चालत नाही. घरच्यांनी पितर उठल्यावर बसायचं.

माझ्या माहेरी, शिंदखेड्याकडे, ही काही अडचण नव्हती. वडील पारावर जाऊन नुसते खाकरले की चार पितर उठून मागे चालू लागायचे. मला वाटलं, धुळं तर शहर आहे, इथे काय माणसांना तोटा? चौथी शिकलेल्या बाईचा हिशेब. चुकला.

सगळ्यात आधी आमचे चिरंजीव बोलले. योगेंद्र बँकेत आहे. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, “आई, कशाला त्रास घेतेस या उन्हात? बाबांच्या नावानं ऑनलाइन अन्नदान करून टाकतो. शंभर मुलं जेवतात. वर सर्टिफिकेट येतं.”

“आणि त्या सर्टिफिकेटला तूप लावून तुझ्या वडिलांना वाढू का?”

सून दिपमाला स्वयंपाकघरात हसली. ती नाशिकची आहे, कॉलेजात शिकवते. हसली ते मला ऐकू आलं, हे तिलाही कळलं, मग तिनं भांडी वाजवली.

मी चप्पल घातली आणि बन्सीलाल नानांकडे गेले. यांचे वरणगावच्या कारखान्यातले सोबती. दोघांनी तिथे चौतीस वर्षं काढली, दोघांनी इथे देवपुरात शेजारच्या गल्ल्यांत घरं बांधली आणि निवृत्त झाल्यावर दोघे रोज चार वाजता आमच्या ओट्यावर बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. एक जण ‘हं’ म्हणायचा आणि पंधरा मिनिटांनी दुसरा ‘मग काय तर’ म्हणायचा. अजूनही चार वाजले की मी यांची खुर्ची सावलीत सरकवते. खुर्चीत कोणी नसतं. पण ऊन येतं ना तिच्यावर.

नानांसारखा पितर शोधून सापडणार नाही, असं मनाशी धरून मी आवतन द्यायला गेले. दार त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईनं उघडलं.

“नाना लागलेले आहेत,” ती म्हणाली.

“म्हणजे आजारी?”

“आजारी नाही, लागलेले. वकीलसाहेबांच्या वडिलांचे पितर म्हणून. पाडव्यालाच सांगून गेले ते. मागच्या आखाजीला यांनी चार घरं जेवली आणि तिसऱ्या दिवशी सलाईन लागलं. साखर साडेतीनशे! या वर्षी डॉक्टरांनी एकच घर दिलंय.”

पितराचीसुद्धा जागा आधी धरून ठेवावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. मी उठले. तेवढ्यात पडद्याआडून नानांचा आवाज आला, अगदी बारीक.

“वहिनी, खापरावरच्या का?”

“खापरावरच्या, मांडेच. तव्यावरची पुरणपोळी माझ्या घरात झालेली नाही आजवर.”

पडदा हलला. आत कोणीतरी सुस्कारा सोडला.

“तुम्ही आत पडा!” पुष्पाबाई ओरडली. मग मला म्हणाली, “अक्का, राग मानू नका. तुमच्या पोळ्यांपायी मला तुमच्या ओळीत यायचं नाहीये.”

बाई तोंडाची फटकळ. माझ्यासारखी नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मोहिनीताईंना हे कळलं. त्या शिक्षिका होत्या आणि निवृत्त झाल्यापासून विद्यार्थी शोधत असतात. त्या म्हणाल्या, “भिकुताई, तुम्ही संकुचित विचार करताय. वृद्धाश्रमात चला. तिथे पितरच पितर आहेत.” हे वाक्य त्यांनी वृद्धाश्रमाच्या दारात पुन्हा उच्चारू नये म्हणून मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसून वाटभर त्यांना समजावत गेले.

तिथे टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं फॉर्म पुढे केला.

“प्रसंग कोणता, आजी? वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पुण्यतिथी, की इतर?”

“आखाजी.”

“म्हणजे इतर. कोणाच्या स्मरणार्थ?”

“आमच्या यांच्या.”

“नाव?”

“ते मी घेत नाही.”

“नावाशिवाय फॉर्म पुढे जात नाही, आजी.”

“त्रेचाळीस वर्षं संसार पुढे गेला, तुझा फॉर्म जात नाही?”

मोहिनीताईंनी खाकरून ‘सुकदेव’ सांगितलं. परक्या बाईच्या तोंडून मी ते नाव ऐकलं. किती महिन्यांत ते घरात कोणी उच्चारलंच नव्हतं.

पुढे मुलीनं नियम वाचले. दात्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि ओळखीसाठी दोन फोटो. घरचं अन्न चालत नाही, कारण मागे कोणीतरी बासुंदी आणली होती आणि ती सगळ्यांना बाधली. जेवण इथलंच, पुरीभाजी आणि जिलबी. दाता वाढत असतानाचा एक फोटो इथे काढतात, देणगीदारांच्या फळ्याजवळ दुसरा. आणि आखाजीचा दिवस होळीपासूनच भरलेला. पुढचा मंगळवार मोकळा आहे.

“मंगळवारी या म्हणून पितरांना मी कुठे कळवू?” मी विचारलं. तिनं खरंच क्षणभर विचार केला, पोर सरळ होती.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. मी म्हटलं, “आबा, माझ्या घरी मांडे आहेत, आमरस आहे. येता?”

“या महिन्यात मी नऊ वाढदिवस साजरे केले, बाई,” ते म्हणाले. “एकही माझा नव्हता. मांडे म्हणजे खापरावरचे? येतो की! आत्ता येतो!”

पण त्यांना बाहेर नेण्यासाठी नातेवाइकाचं पत्र लागतं, आणि नातेवाईक पत्र लिहिणारे असते तर आबा तिथे कशाला असते? आम्ही निघालो तेव्हा ते काठी उंच करून म्हणाले, “मांडे म्हणालात, तेवढंही पुष्कळ झालं.” परतताना पांझरेच्या पुलापर्यंत मोहिनीताई गप्प बसल्या, असा तो एकच प्रसंग.

त्याची भरपाई त्यांनी घरी पोचताच केली. मला न विचारता त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: ‘एक ज्येष्ठ पुरुष पाहिजे. दुपारच्या शाकाहारी जेवणासाठी. मधुमेह नसावा. संपर्क, भिकुबाई, तळमजला.’

चौदा अंगठे आले. अकरा जणांनी हात जोडले. दोघांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. एकानं विचारलं, पार्सल मिळेल का. आणि गल्लीच्या टोकाच्या किराणावाल्यानं मला दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, “काय अक्का, पुन्हा स्थळ बघताय म्हणे?”

पासष्टाव्या वर्षी! मी तिथेच तुरीची डाळ ठेवून आले. यांच्या वेळी असं बोलायची कोणाची छाती झाली नसती. म्हणजे हे काही बोलले नसते, ते कधीच काही बोलायचे नाहीत. पण ते नुसते बाजूला उभे असायचे, आणि नुसत्या उभ्या माणसाचा किती आधार असतो ते तो नसला की कळतं.

शेवटी पितर मिळाला तो अगदी दारासमोर. आमच्या समोर नवीन इमारत होते आहे. तिचा राखणदार, अभिमन आबा. सत्तरीचा, उंचपुरा, पत्र्याच्या खोलीत एकटा राहतो. त्याला मी रोज बघत होते आणि धुळंभर माणूस शोधत होते. कारण सांगू? पितर म्हणजे यांच्या तोलाचा माणूस, निवृत्त, पेन्शनवाला, असं माझ्या डोक्यात होतं. दानातही आम्ही गादी बघतो.

मी रस्ता ओलांडून आवतन दिलं. तो उठून उभा राहिला, डोक्याचा रुमाल काढला.

“इसू ना माय,” तो म्हणाला. “बठ्ठं खासू. काय बी उरू देवाव नही.”

‘काही उरू देणार नाही!’ बारा दिवसांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपले.

आखाजीच्या दिवशी सकाळी घागर भरली. योगेंद्रनं उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली, एकेका पितराचं नाव घेतलं, शेवटी वडिलांचं घेतलं आणि मग उगीच चष्मा पुसत आत गेला. मागच्या अंगणात चूल पेटवून मी खापर, ते मातीचं मोठं भांडं, उपडं चढवलं. आमच्याकडे मांडा लाटत नाहीत, हातावर फिरवत फिरवत वाढवतात, पार कोपरापर्यंत. दिपमालाला मी सात वर्षांत खापराजवळ दुसऱ्यांदा येऊ दिलेलं नाही. तिनं एकदा केला होता, त्यात नकाशातल्यासारखं नंदुरबार वेगळं आणि धुळं वेगळं दिसत होतं. नैवेद्याचे चार मांडे काढले. बाकीचे पुरण भरलेले उंडे झाकून ठेवले, कारण पितराच्या पानात गार पोळी पडता कामा नये. बाजूला आमरस, सार, कुरडया, भजी. केळीचं पान मांडलं आणि बारा वाजता दारात उभी राहिले.

अभिमन आबा आला. धुवट धोतर, पण पाऊल अडखळत होतं. उंबऱ्याबाहेरच थांबला.

“माय, मनी पोर उनी शे, शहादाथीन. आखाजीले बाप एकला शे म्हनीसन भाकर आन वांगानं भरीत लई उनी. ना कसं म्हनू तिले? बठ्ठं खाई टाकं मी. आते पोटमा एक घासनी बी जागा नही.”

पोर बापासाठी बसनं शहाद्याहून भाकरी-भरीत घेऊन आली होती आणि बापानं ते सगळं संपवलं होतं. तरी मी बोललेच.

“निदान दोन घास?”

“दोन घासनं पितर नही व्हत, माय. तुन्हा मालक भुक्या ऱ्हाई.” मग त्यानं रुमालातून दोन गावरान आंबे काढले. “पोरनी लयेल शेत. घागरवर ठेव.”

पोरीनं त्याच्यासाठी आणलेले. मी मागे सरकले. राखणदाराकडून घ्यायचे? तो हात पुढे करून उभाच होता. खरं सांगते, मला हात पुढे कसा करायचा ते सुचेना. बोटं आपोआप वळतात, घेण्याची सवयच नाही. शेवटी पदर पसरला आणि आंबे घेतले. तो खुशीत गेला. मी बारा दिवस जे शोधत होते ते त्याला माझ्या दारात एका मिनिटात मिळालं: घेणारं माणूस.

साडेबारा झाले. एक झाला. मोहिनीताई जिन्यातून सल्ले टाकत होत्या. गाय आणू का? कावळा? शास्त्रात पर्याय असतात. योगेंद्र भुकेनं फेऱ्या मारत होता. आणि मला सारखं दिसत होतं, हे कुठेतरी वर, पाय धुऊन, हात पुसून, काही न बोलता उभे आहेत. मागणारच नाहीत. मागायचा स्वभावच नव्हता.

दीड वाजता मागच्या दारातून बन्सीलाल नाना आत आले. घामानं निथळलेले, वहाणा हातात.

“वहिनी, पटकन वाढा. हिला सांगितलं, वकिलाकडे जातो.”

“आणि वकील?”

“तिथे गेलो होतो. केटररच्या पोळ्या, वहिनी! कागदासारख्या! दोन घास खाऊन पोटात कळ आली म्हटलं आणि उठलो. माझा सुकदेव तिकडे उपाशी आणि मी कागद खाऊ?”

पितर मिळाला! मी त्यांना पाटावर बसवलं. पाट मागच्या दारात मांडला होता, यांच्या जागी. “इथे? पंख्याखाली नाही?” नानांनी विचारलं. मी म्हटलं, ते इथेच बसायचे. नाना बसले. मी मांडा हातावर फिरवला, खापरावर टाकला, घडी घालून पानात वाढला, वर तूप. नानांनी पहिला घास आमरसात बुडवला आणि तोंडात ठेवला. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“सुकदेव,” ते हळूच म्हणाले, “हं.”

आणि तेवढ्यात पुढच्या दारात रिक्षा थांबली.

नाना कळ आली म्हणून उठले, असा वकिलाकडून पुष्पाबाईला फोन गेला होता. ती काय बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “साडेतीनशे!” एवढंच ती तीनदा म्हणाली. नानांचा हात आमरसात होता, तसाच तिनं मनगटाला धरून वर काढला. नाना पाटावरून उठताना पानाकडे बघत होते. दारातून म्हणाले, “वहिनी, एकच घास झाला हो.” मग पुष्पाबाईलाच रडू फुटलं. म्हणाली, “अक्का, तुमचे गेले. मला माझे ठेवू द्या ना.” मी नानांच्या हातावर पाणी घातलं आणि त्यांना जाऊ दिलं.

राहिलं ते एक पान. त्यात एक घास मोडलेला मांडा. आता नवीनच पंचाईत. पान उष्टं झालं, त्यावर दुसरा पुरुष बसवता येत नाही. पान टाकता येत नाही, पितर भरल्या पानावरून उठला असं होतं. दुसरं मांडता येत नाही, पहिलं संपलेलं नाही. योगेंद्र म्हणाला, गुगलवर बघतो. मोहिनीताई म्हणाल्या, तांत्रिकदृष्ट्या एक घास हेही जेवणच. मी चुलीपुढे पिठाच्या हातांनी बसून राहिले. धूर डोळ्यांत जात होता, म्हणजे निमित्त होतं.

दिपमाला माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

“आई, बाबांच्या ताटात पूर्वी त्यांच्यानंतर कोण जेवायचं?”

“कोण म्हणजे? मी. तेव्हा तशी रीतच होती. तू आलीस आणि जेवणाचं टेबल आणलंस, तेव्हा सुटली.”

“मग त्यांच्या उष्ट्या पानावर हक्क कोणाचा?”

मोहिनीताईंनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघून मिटलं.

“आणि पोळ्या कोण करेल?” मी विचारलं. “तू?”

“मी.”

“फाटतील.”

“फाटू देत. गरम तर पडतील.”

मी हात धुतले आणि यांच्या पाटावर बसले. या जागेवर मी आयुष्यात कधी बसले नव्हते. वैशाखात मागच्या दारातून नुसत्या झळा येतात. दर आखाजीला मी म्हणायचे, अहो पंख्याखाली बसा, तर हे ऐकायचे नाहीत. मी समजायचे, मांडा खापरावरून थेट पानात पडावा म्हणून बसत असतील. खाण्याचा शौक, दुसरं काय.

आता समोर बघितलं. तिथून खापर दिसत नाही. तिथून चूल दिसत नाही. तिथून दिसते ती चुलीपुढे बसलेली बाई. तिची पाठ, मानेवरचा घाम, हातावर वाढत जाणारा मांडा, आणि पानात वाढून झाल्यावर एकदा मागे वळून बघणारा तिचा चेहरा.

दिपमालाचा पहिला मांडा फाटला. मी खाल्ला. दुसरा एका बाजूला जाड, तोही खाल्ला. तिसरा बरा होता. दर वेळी ती वळून बघायची, काही विचारायची नाही, पण चेहरा असा, जणू परीक्षेचा निकाल माझ्या तोंडात आहे. आयुष्यात मला कोणी खापरावरून काढून असं वाढलेलं नाही. करणारीनं शेवटी बसायचं आणि गार खायचं, हीच आमची रीत.

आमचे हे नऊ मांडे खायचे. आखाजीला मोजून नऊ. मला मोठा अभिमान होता, आमच्या माणसाची भूक बघा म्हणून. अंगानं तर काडीसारखे होते. आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांत, चालताना धाप लागायची तेव्हासुद्धा, मी वळून बघितलं की पान पुढे सरकवायचे.

माझं पोट चौथ्या मांड्यालाच भरलं. गच्च. श्वास घ्यायला जागा नव्हती.

दिपमालानं पाचवा खापरावरून उतरवला. अख्खा, गोल, पातळ, कुठे डाग नाही. तिनं तो दोन्ही हातांवर धरला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

“आई, पुरे?”

मी पान पुढे सरकवलं.

“वाढ.”